सर्व्हरची बेगमी

सर्व्हरच्या मागे खोचलेल्या झेंडूच्या हारात उंदरीण व्याली होती.

"काय दिसतंय गं?" घाडगे सरांनी दाराबाहेरून विचारलं. त्यांनी नाकावर रुमाल इतका घट्ट धरला होता, की आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता.

"पिल्लं आहेत सर. गुलाबी. डोळे नाही उघडले अजून."

"शी, शी. तू नंबर वाच. बाकी कशाकडं बघू नको."

"नंबर आलाय, पण स्क्रीनवर कुंकू वाळलंय. दिसत नाही."

"मग पूस की."

"कशानं?"

सरांनी हातातल्या स्वच्छ रुमालाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ओढणीनं पूस."

मी ओढणीनं पुसलं. तेव्हा मी नववीत होते आणि सरांनी सांगितलं की ऐकायचं असतं असं मला वाटायचं. आता बारावीला आहे, कराडला होस्टेलवर राहते, आणि दसऱ्याला सगळ्या पोरी दाराला झेंडू लावतात तेव्हा मी नाक दाबून गच्चीवर जाते. रूममेट विचारतात, फुलांनी कुणाला मळमळतं का गं? आज सांगूनच टाकते.

ती खोली म्हणजे आमच्या कन्याशाळेची क्रीडासाहित्याची खोली. पाटणच्या वर, पवनचक्क्यांच्या पठाराखाली आमचं गाव. पुण्याच्या एका कंपनीनं शाळेला संगणक दिले, आणि त्या सगळ्यांना चालवणारा एक मोठा सर्व्हर. संगणक छान रंगवलेल्या लॅबमध्ये गेले. सर्व्हरला जागा उरली नाही, म्हणून तो गेला फुटक्या लेझिमी, बुरशीच्या सतरंज्या आणि हवा गेलेल्या व्हॉलीबॉलच्या शेजारी. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब आले. लोखंडी कपाट दिसलं, त्याचा कोपरा नारळ फोडायला सोयीचा वाटला, आणि त्यांनी तिथंच फोडला. पाणी जाळीतून आत गेलं. मशीन दणकट, बंद पडलं नाही. पण तेव्हापासून त्या खोलीला आंबलेल्या खोबऱ्याचा वास होता. पुढे दर दसऱ्याला त्याची यंत्रपूजा व्हायची, हळद, कुंकू, हार. जुना हार कुणी काढायचा नाही, फक्त मागे सारायचा. उंदरांची चांगली सोय झाली होती.

"वाचलास का नंबर?" सरांच्या मागून आफरीनचा आवाज आला.

"वाचला. सरांनी सांगितला होता तो नाहीये हा."



"काय म्हणालीस?" सर म्हणाले.

"हा जुना आहे सर. तुम्ही पुण्याच्या हर्षलाताईसाठी सांगितलेला याच्याहून दोन पिढ्या पुढचा. तो कुठून वाचला होता तुम्ही?"

आफरीन हसायला लागली. "स्वतःच्या लॅपटॉपवरनं वाचला असणार. सर या खोलीत पाऊलच टाकत नाहीत, हो की नाही सर?"

आता आफरीन कोण ते सांगते. आफरीन मुजावर. माझ्या पुढच्या वर्गात, दहावीला. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि तिच्याइतकं झपाझप टाइप करणारं आमच्या शाळेत कुणी नव्हतं, मास्तर लोक धरून. संगणक तिला वाचून दाखवायचा, पण फक्त इंग्रजी. मराठी अक्षर आलं की मुका. मराठी बोलणारा आवाज त्यात बसवायचा होता, आणि तो डिसेंबरच्या आत बसवायचा होता, कारण शाळेनं आमच्याकडे ही सोय आहे असं बोर्डाला लिहून दिलं तरच तिला दहावीचा पेपर स्वतः टाइप करायची परवानगी मिळणार होती. नाहीतर लेखनिक. लेखनिक म्हणजे खालच्या वर्गातली मुलगी शेजारी बसते, ही उत्तर सांगते, ती लिहिते.

सहामाहीला तिला अशी एक लेखनिक मिळाली होती. आफरीननं पानभर उत्तर सांगायचं आणि तिनं चार ओळींत उरकायचं. वर म्हणायची, "एवढं कोण वाचतंय." शेवटच्या तासाला ती टेबलावर डोकं ठेवून झोपली. आफरीनला ते कळलं कसं, तर पेनाचा आवाज थांबला म्हणून.

त्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं, केतकीला घ्या की लेखनिक. केतकी म्हणजे मी. माझं अक्षर सुंदर, वक्तृत्वाची बक्षिसं माझ्याकडे, आणि आफरीन माझी मैत्रीण. मी लगेच तयार होते. मला तर वाटलं ती खूश होईल.

"नको," ती म्हणाली होती.

"का? मी शब्द न् शब्द लिहीन."

"तेच की. माझं चुकलं की तू सुधारशील. तुला राहवणारच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मला माझ्या चुका माझ्या हातच्या पाहिजेत, केतके."

मला राग आला होता. पण ती म्हणत होती ते खरं होतं, मी सुधारलंच असतं.

तर आवाज बसवायचा. साधी गोष्ट, इंटरनेट असेल तर. आमच्याकडे नव्हतं, कारण बापूसाहेबांनी ते काढून टाकलं होतं. नेट आलं की पोरी बिघडतात, असा त्यांचा ठराव होता, संस्थेत मंजूर झालेला. आणि शाळेच्या छपरावरून एक काळी वायर गेली होती, ती थेट शेजारच्या त्यांच्या बंगल्यात. तिथे रात्रंदिवस नेट. त्यांचा नातू गच्चीवर बसून गेम खेळायचा आणि खाली लॅबमध्ये आम्ही वहीत संगणकाचं चित्र काढायचो.

घाडगे सरांनी आधी पेनड्राइव्हवर प्रयत्न केला. पाटणच्या कॅफेतून आवाजाची फाइल आणली. सर्व्हर म्हणाला, हिच्यासोबत ती दुसरीही लागेल. सर पुन्हा एसटीनं पाटणला, दुसरी आणली. तिला तिसरी हवी होती. लग्नात नाही का, काका येतात पण आत्याला बोलावलं तर, आत्या येते पण तिच्या जावेला मान दिला तर, तसली गत. शेवटी सर म्हणाले, "हे होणारं काम नाही," आणि त्यांनी अंग काढून घेतलं.

मग मी हर्षलाताईला फोन केला. हर्षलाताई माझी चुलत बहीण, पुण्यात एका बँकेचे सर्व्हर सांभाळते. गावात रेंज नाही, म्हणून मी आणि आफरीन पवनचक्कीच्या रस्त्यावर चढून गेलो. वर पाती घूं घूं करत होती.

"अगं, आमच्या बँकेचे सर्व्हर पण असेच," ताई म्हणाली. "मुद्दामच बाहेरचं काही जोडत नाही त्यांना. सुरक्षा असते. मग त्यांना लागेल ते सगळं आम्ही एकदाच आणून आत भरून ठेवतो. गावाला आजी पावसाळ्याआधी करायची ना बेगमी? चार महिने घाट बंद, रस्ता बंद, म्हणून तांदूळ, डाळ, मीठ, सरपण, काडेपेटी, सगळं आधीच घरात. तसं. एकेक वस्तू आणायला बाजारात नाही पळायचं. अख्खं भांडार आणायचं आणि सर्व्हरला सांगायचं, बाबा, सामान इथंच आहे, बाहेर बघू नको."

"मग भांडार कुठनं आणायचं?" आफरीननं विचारलं.

"मी डिस्कवर भरून पाठवते. फक्त तुमच्या सर्व्हरचा व्हर्जन नंबर नीट सांगा. जुन्याला नव्याचं सामान चालत नाही."

सर्व्हरच्या खोलीची किल्ली सरांकडे, म्हणून नंबर सरांना विचारला. सरांनी सांगितला. डिस्क एसटीच्या कंडक्टरबरोबर आली, सरांनी खोलीबाहेर उभं राहून आम्हाला हे करा, ते करा सांगितलं, आणि सर्व्हरनं त्यातलं काहीही घेतलं नाही. पहिली डिस्क वाया गेली ती अशी. वास सहन होत नव्हता म्हणून सरांनी खोलीत न जाता स्वतःच्या लॅपटॉपवर दिसला तो नंबर देऊन टाकला होता. एका मुलीची दहावी त्यावर लटकलेली, आणि यांना वास येतोय.

आता खरा नंबर माझ्या हातात होता. ओढणीवर कुंकू, हळद आणि कसलातरी चिकट तपकिरी पट्टा. मी पिल्लांसकट तो हार सुपलीत घेतला आणि बाहेर आले.

"मारून टाक," सर मागे सरकत म्हणाले. "औषध घालूया."

"बांबूत ठेवते."

"काय करायचंय ते लांब नेऊन कर."

मी ती शाळेमागच्या बांबूच्या बेटात ठेवली. नंतर बघायला गेले नाही, कारण काय दिसेल ते मला माहीत होतं.

खरा नंबर ताईला कळवला. दुसरी डिस्क यायला वेळ होता, आणि कंपनीच्या देशमाने मॅडम लॅब बघायला येणार होत्या. त्यांच्या शेऱ्यावर शाळेचं बोर्डाला जाणारं पत्र अवलंबून होतं, म्हणजे आफरीनची परवानगीही. सगळी शाळा लग्नघरासारखी धावपळीत. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"केतकी, तुझा आवाज खणखणीत. कार्यक्रमासाठी एक आत्मकथन पाहिजे. 'मी संगणक बोलतोय.' मी लिहिलंय, तू पाठ करून टाक. रेकॉर्ड करूया."

'मी नदी बोलतेय', 'मी वटवृक्ष बोलतोय', 'मी फाटकी चप्पल बोलतेय', हे मी पाचवीपासून म्हणत आलेली. माझी बक्षिसं त्यावरच. भाषण सर लिहायचे, हातवारे आई बसवायची, आवाज माझा. मी तासाभरात पाठ केलं आणि मोबाइलसमोर धडाधडा म्हणून दाखवलं.

"नमस्कार. मी संगणक बोलतोय. तुम्ही बटण दाबता आणि मी जागा होतो. आजवर मी मुका होतो, पण आदरणीय बापूसाहेबांच्या कृपेनं मला वाचा फुटली. माझ्यासमोर बसलेल्या या दुर्दैवी मुलीला डोळे नाहीत. आता मीच तिचे डोळे. ती जे लिहील, ते मी वाचीन."

"'दुर्दैवी' काढूया का सर?" मी विचारलं.

"राहू दे. त्यानं पाणी येतं डोळ्यात," सर म्हणाले.

डिस्क आली ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी. सर सजावटीत होते. त्यांनी किल्ली माझ्याकडे फेकली, "बघा काय होतंय का," आणि स्टेजच्या झालरीकडे गेले. आम्ही दोघीच आत. मी फिनेलनं जमीन पुसली होती, तर आता खोबरं, लेंड्या आणि फिनेल असा तिहेरी वास होता.

"हे म्हणजे सरकारी दवाखान्यात कुणीतरी चटणी वाटतंय," आफरीन म्हणाली.

"बोलू नको, उलटी होईल मला."

"बरं. तू डोळे, मी डोकं. ताईनं सांगितलेलं सगळं पाठ आहे मला. डिस्क लावलीस? आधी सगळं सर्व्हरच्या पोटात उतरवून घे."

घेतलं. वेळ लागला. तोवर मी एका व्हॉलीबॉलवर टेकले, तो उरलीसुरली हवा सोडत, सुस्कारत खाली गेला.

"आता ती फाइल उघड, जिच्यात सामान कुठनं आणायचं ते लिहिलेलं असतं," ती म्हणाली. मी उघडली. "काय दिसतंय?"

"पत्ते. सगळे इंटरनेटचे."

"खाली आपली ओळ लिही. भांडार इथे, या फोल्डरात." तिनं अक्षर न् अक्षर सांगितलं, मी टाइप केलं, आणि सर्व्हरला यादी पुन्हा वाचायला लावली. तो गप्प. मिनिटं गेली. नुसता पंखा.

"अडकला," मी म्हटलं. "गेलं. आपलं नशीबच—"

"थांब की. वरचे पत्ते झोपवलेस का?"

"नाही."

"मग तो बिचारा एकेक दार वाजवत बसलाय. नेट नाही तर कोण उघडणार त्याला? प्रत्येक ओळीच्या आधी जाळीची खूण, ते हॅश, टाक. ताई म्हणाली होती, खूण टाकली की ती ओळ झोपते."

टाकल्या. पुन्हा लावलं. आता तो झटकन बोलला, पण भलतंच.

"म्हणतोय या भांडारावर सही नाही. कुणी दिलंय ते कळल्याशिवाय एक दाणा घेणार नाही."

"सही ओळखायला किल्लीची फाइल दिलीय ताईनं. ती दाखव त्याला."

दाखवली. त्यानं ओळखली. आणि मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. काका, आत्या, जाऊ, जावेची बहीण, सगळे एकामागोमाग येऊन आपापल्या जागी बसत गेले, कुणी रुसलं नाही. ओळी सरसर वर जात होत्या आणि मी त्या मोठ्यानं वाचत होते, एखाद्या निकालासारख्या. आफरीन माझा दंड धरून उभी होती. नखं रुतली तरी मी बोलले नाही.

आम्ही पळत लॅबमध्ये गेलो. ती बसली आणि टाइप केलं.

"मा-झं ना-व आ-फ-री-न."

असा आवाज. पत्र्यावर खडे टाकल्यासारखा, बाई का बुवा ते कळत नाही, 'झ'ला अडखळणारा. आफरीननं तोंडावर हात ठेवला. मग पुन्हा टाइप केलं, पुन्हा ऐकलं. एक अक्षर चुकलं होतं. तिनं ते आपलं आपण शोधलं, खोडलं, नीट केलं. मी शेजारी होते आणि तिला माझी गरज लागली नाही.

"हे काय बोलतंय?"

दारात बापूसाहेब. सजावट बघायला आले होते, मागे सर. बापूसाहेबांच्या तोंडात सुपारी असायची, आणि ती ते खायचे नाहीत, नुसती या गालातून त्या गालात फिरवायचे. आत येऊन त्यांनी आफरीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच ठेवला. "वाच बघू अजून, बाळ."

तिनं टाइप केलं. संगणक बोलला.

"ह्यॅ," बापूसाहेब म्हणाले. "हे काय मराठी झालं? भुताटकी वाटतीय. पाहुण्यांसमोर हे लावणार? घाडगे, तुम्ही परवा ऐकवलं ते काय वाईट होतं? त्या पोरीचं. कसं गोड."

"तेच लावायचं ठरलंय, साहेब," सर म्हणाले. "ही नुसती बोटं चालवंल. आवाज माझ्या लॅपटॉपवरनं मोठ्या स्पीकरला."

मला आधी कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले. मग कळलं.

"सर, पण आता खरं चालतंय," मी म्हटलं.

"चालतंय तर चालू दे की. परीक्षेला वापरा. उद्या कार्यक्रम आहे."

"मॅडमना सांगायचं की हे संगणक बोलतोय म्हणून?"

"मी संगणक बोलतोय, असंच आहे ना पहिलं वाक्य? मग खोटं काय त्यात?" सर हसले. बापूसाहेबही हसले, सुपारी दिसली. आणि ते आफरीनकडे वळून म्हणाले, "हिला पुढं बसवा. फोटोत यायला पाहिजे. पांढरा युनिफॉर्म घाल बाळ, धुतलेला." बोलताना सुपारीचा एक कण तिच्या हातावर उडाला. ते गेल्यावर तिनं तो हात टेबलाच्या खालच्या बाजूला पुसला, पुन्हा पुन्हा, लाकडाला घासून.

"उद्या काय करायचं?" मी विचारलं.

"सांगितलंय ना. बोटं चालवायची," ती म्हणाली.

"आफरीन."

"आणि उद्या हे बिघडलं, त्या बाईंनी वाईट लिहिलं, तर पत्र कुणाला नाही मिळणार, केतके? तुला?"

घरी गेल्यावर मी चार वेळा साबणानं हात धुतले. आईनं विचारलं उद्या निळा ड्रेस इस्त्री करू का, आभारप्रदर्शन तुझ्याकडे आहे ना. मी म्हटलं, जेवायचं नाही मला.

दुसऱ्या दिवशी लॅब भरली. संस्थेचे लोक खुर्च्यांवर, आम्ही मुली मागे उभ्या. संगणकांना हार घातलेले. नवा झेंडू, ओला, उग्र. देशमाने मॅडम साध्या होत्या, सुती साडी, केस पिकलेले. त्यांनी हार हातात घेतला आणि गळ्यात न घालता बाजूला ठेवला. पुढे, मधोमध, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये आफरीन. सरांनी तिच्या संगणकाला हेडफोन खोचून दिला होता, म्हणजे खरा आवाज बाहेर यायला नको. ती हेडफोन लावून बसली होती आणि बापूसाहेब तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, कॅमेऱ्याकडे तोंड करून.

सरांनी लॅपटॉपचं बटण दाबलं.

"नमस्कार. मी संगणक बोलतोय."

मी. माझा आवाज, मोठ्या स्पीकरमधून, गोड, लाडिक, 'बोलतोय'वर छान हेल काढणारा. आफरीनची बोटं चालत होती. लोक माना डोलवत होते. कुणीतरी म्हणालं, "काय पण तंत्रज्ञान."

"तुम्ही बटण दाबता आणि मी जागा होतो."

देशमाने मॅडम पुढे झुकल्या. "छानच. मी एखादं वाक्य सांगू का तिला लिहायला?"

"आधी मनोगत संपू दे, मॅडम," सर घाईनं म्हणाले.

"आजवर मी मुका होतो, पण आदरणीय बापूसाहेबांच्या कृपेनं—"

हे मी ठरवून केलं असं मला म्हणता यायचं नाही. मला पुढचं वाक्य येत होतं, आणि तोंड उघडलं.

"मला वाचा फुटली," मी म्हटलं.

स्पीकरमधली मी आणि मी, दोघी एकदम. तोच हेल, तोच श्वास. आधी शेजारच्या मुलींनी बघितलं. मी थांबले नाही. "माझ्यासमोर बसलेल्या या दुर्दैवी मुलीला डोळे नाहीत." पुढच्या रांगेतल्या माना वळायला लागल्या, एकेक. लोक स्पीकरकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. ओठ माझे हलत होते आणि आवाज दोन ठिकाणांहून येत होता. सर लॅपटॉपवर झडप घालून काहीतरी दाबत होते. स्पीकर गप्प झाला.

मी नाही झाले. "आता मीच तिचे डोळे," मी एकटीच म्हटलं, तेवढ्याच खणखणीत आवाजात. "ती जे लिहील, ते मी वाचीन."

भाषण संपलं. पुढे काही नव्हतं. एवढं लिहून दिलेलं होतं. पन्नासेक माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याजवळ स्वतःचं एकही वाक्य नव्हतं. नेहमी इथे टाळ्या असायच्या. मला फक्त झेंडूचा वास येत होता आणि बापूसाहेबांच्या गालातल्या सुपारीचा आवाज, कट्, कट्.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "बाहेर हो."

तेवढ्यात आफरीननं हेडफोनची वायर ओढून काढली.

टेबलावरच्या छोट्या डब्यासारख्या स्पीकरमधून तो आवाज आला. पत्र्यावरचे खडे. बाई ना बुवा. तिनं आत्ताच लिहिलेलं, अडखळत, एकेक शब्द सोडत.

"के-त-की. खा-ली ब-स. आ-ता मी बो-ल-ते."

मी होते तिथे, मुलींच्या पायात, जमिनीवर बसले.

देशमाने मॅडम उठून आफरीनच्या शेजारी गेल्या. बापूसाहेबांचा हात खुर्चीवर होता, तो त्यांनी सौजन्यानं, वस्तू उचलतात तसा, बाजूला केला आणि तिथं उभ्या राहिल्या. "हे तू लिहिलंस?"

"हो मॅडम," आफरीन म्हणाली. "आवाज खराब आहे, पण खरा आहे. आता सांगा तुमचं वाक्य."

त्यांनी सांगितलं. तिनं लिहिलं. संगणकानं वाचलं. मग त्यांनी दुसरं सांगितलं, जोडाक्षरांचं, अवघड. त्यात ती चुकली. आवाजानं चूक जशीच्या तशी वाचली, आणि सगळ्या लॅबसमोर, काही न बोलता, तिनं मागे जाऊन ती दुरुस्त केली.

"सर्व्हर कुठे ठेवलाय तुम्ही?" मॅडमनी सरांना विचारलं. सरांनी खिशातून रुमाल काढला.

त्या खोलीतून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी इथे लिहीत नाही. सर्व्हर त्या आठवड्यात लॅबमध्ये आला. माझं आभारप्रदर्शन दुसऱ्या मुलीला दिलं, आणि वर्षभर मला कुठल्याच स्पर्धेला पाठवलं नाही. पुढच्या वर्षी माझं भाषण मीच लिहिलं. वाईट होतं. तिसरा नंबरसुद्धा आला नाही.

मार्चमध्ये मराठीचा पेपर. आम्हा नववीच्या मुलींना आत सोडत नव्हते, म्हणून मी फाटकाबाहेर कट्ट्यावर बसले होते. सगळ्या बाहेर आल्या, एकमेकींना उत्तरं विचारत, रडत, हसत. आफरीन सगळ्यात शेवटी आली. मी पळत जाऊन तिचा हात धरला.

"कसा गेला?"

"दोन चुका झाल्यात," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "दोन्ही माझ्याच."